सर्वकामी पेटीचा मोह

देवालयाला एखादी वस्तू अर्पण करायची झाली की ती मोठी, झगझगीत आणि दुरून दिसणारी असावी असा दात्याचा आग्रह असतो, आणि तो मोडण्याचे धैर्य देवस्थान समितीला सहसा होत नाही. समई असो, मखर असो, पालखीचे दांडे असोत, तिथे हा आग्रह खपून जातो. समई मोठी झाली तर तेल थोडे अधिक जळते, एवढेच. पण हाच न्याय वाद्याला लावला म्हणजे गाण्याचे नुकसान होते, आणि ते कोणाच्याच हिशेबवहीत चढत नसल्यामुळे वर्षानुवर्षे तसेच चालू राहते.

हल्ली गोव्यात, बेळगावच्या बाजूला आणि त्याहून लांब राहणाऱ्या आमच्या मंडळींच्या देवळांतून ज्या नव्या हार्मोनियम पेट्या आम्ही पाहिल्या, त्या बहुतेक एकाच साच्याच्या होत्या. तिहेरी सुरांची, खुंट्यांची रांग मिरवणारी, कपलर असलेली, स्केलचेंजरची आणि उचलायला दोन माणसे लागतील इतकी जड अशी ती पेटी असते. पुढच्या फळीवर दात्याचे नाव कोरलेले असते. आरती, भजन, कीर्तन, नाट्यगीत, उत्सवातली ख्यालाची बैठक, सर्वांना ही एकच पेटी चालेल, असे सांगून ती विकली जाते आणि असे समजून ती घेतली जाते. आमचे स्पष्ट मत असे आहे की हे समजणे मुळातच चुकीचे आहे. आधी गाणे ठरावे, मग गळा ठरावा, मग जागा पाहावी, आणि शेवटी पेटी निवडावी. आपण हा क्रम नेमका उलटा करून बसलो आहो.

तालवाद्यांच्या बाबतीत ही चूक आपण कधीच करीत नाही. धृपदाला पखवाज, ख्यालाला तबला, आरतीला घुमट, शामेळ नि कांसाळे, नगारखान्यात चौघडा, ही वाटणी आपल्या आजोबा-पणजोबांनी कुठल्याही पुस्तकाशिवाय करून ठेवली आहे. नगारा खणखणीत वाजतो म्हणून तो ख्यालाच्या साथीलाही घ्या, असे कोणी महाजन म्हणाला तर लोक हसतील. मग पेटीच्या बाबतीत हा विवेक का सुटावा? त्याचे कारण एवढेच की घुमट आणि तबला बाहेरून निराळे दिसतात, आणि पेट्या बाहेरून सारख्या दिसतात. जो फरक आहे तो झाकणाखाली आहे, आणि झाकण उघडून पाहण्याची आपल्याला सवय नाही.

ते झाकण एकदा उघडूच. आत पितळी सुरांच्या रांगा असतात, त्यांना कारागीर बास, मेल आणि फिमेल म्हणतात. मेल हा मधला संच. बास त्याच्या एक सप्तक खाली बोलतो, फिमेल एक सप्तक वर. पेटी दुहेरी असेल तर यांपैकी दोन रांगा, तिहेरी असेल तर तीन. बास-मेल, मेल-मेल, बास-मेल-मेल, बास-मेल-फिमेल असे त्यांचे मेळ होतात आणि प्रत्येक मेळाचा आवाज स्वभावाने वेगळा असतो. बासचा सूर लांब आणि जड, म्हणून तो बोलू लागायला किंचित वेळ घेतो; फिमेलचा सूर आखूड, तो झटकन बोलतो पण कानाला टोचतो. रांगा वाढल्या की हवा जास्त लागते, भाता जास्त हलवावा लागतो, आणि भात्याचा तो हिसका लांबलेल्या स्वरात ऐकू येतो. कपलर म्हणजे एक पट्टी दाबली असता दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप दाबली जाण्याची योजना. तो लावला की बोटाखालची पट्टी जड होते. म्हणजे पेटीत जी जी भर पडते तिची किंमत पैशांखेरीज आणखीही कशात तरी मोजावी लागते. दुकानदार ती दुसरी किंमत सांगत नाही, आणि आपण विचारीत नाही.

आता एकेक गाणे घेऊ.

आरतीपासून आरंभ करायचा तर आमचे म्हणणे पुष्कळांना रुचणार नाही, पण ते सांगणे भाग आहे. गोव्याच्या घुमट आरतीला पेटीची गरजच नाही. पुजारी किंवा एखादा वयोवृद्ध महाजन आपल्या गळ्याला येईल त्या सुरात आरती उचलतो, घुमट नि शामेळ तिला धरतात, कांसाळे तिच्यावर झळकतात, आणि सारा सभामंडप भरून जातो. त्यात पेटीवाला बिचारा पहिल्या दोन ओळी सूर शोधण्यात घालवतो. तो सापडेपर्यंत दुसऱ्या कोणी आरती चढवलेली असते. स्केलचेंजरवाला तर भर आरतीत पट्ट्यांची फळी उचलून सरकवताना आम्ही पाहिला आहे. हे दृश्य हसण्यासारखे असले तरी त्यामागची समजूत हसण्यासारखी नाही. पेटी असली की ती वाजलीच पाहिजे, ही ती समजूत. पेटी न वाजवणे हाही निवडीचा एक भाग आहे.

भजनाची गोष्ट निराळी. तिथे गळे अनेक, मृदंग किंवा पखवाज दणदणीत, झांजा अखंड चालू, आणि पाळी येईल तसा गाणारा बदलतो. वास्कोच्या श्री दामोदर सप्ताहासारख्या ठिकाणी रात्रंदिवस खंड न पडता भजन चालते, तिथे पेटीला विश्रांती नाही आणि एका माणसाच्या सोयीची पट्टीही नाही. अशा ठिकाणी बासचा खर्ज उपयोगी पडतो. साऱ्या गळ्यांच्या खाली तो एक बैठक घालून देतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांच्या मागोमाग पांढरी चारमध्ये गाणारा तरुण उभा राहिला तर स्केलचेंजरचीही सोय होते, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. बास-मेल-फिमेलच्या मोठ्या पेटीला या जगात कुठे खरे घर असेल तर ते इथे आहे. आमचा वाद तिच्या असण्याशी नसून तिला सर्वत्र बसवण्याशी आहे.

कीर्तनात हीच पेटी अडचण होऊन बसते. नारदीय कीर्तनकार बोलता बोलता आर्या म्हणतो, आर्येवरून साकीत शिरतो, पद अर्ध्यावर तोडून निरूपणाला लागतो. पेटीवाल्याला त्याच्या ओठांकडे पाहत क्षणात उठावे आणि क्षणात थांबावे लागते. इथे झटकन बोलणारा आणि झटकन मिटणारा सूर हवा. बासचा खर्ज शब्दाच्या मागून घरंगळत येतो आणि निरूपणातल्या अक्षरांवर साचतो. मागच्या रांगेतल्या श्रोत्यांना मग कीर्तन ऐकू येते, पण कळत नाही. कीर्तनाला साधी मेल-मेलची, हलकी, एका हाताने उचलता येईल अशी पेटी पुरते. कीर्तनकार गावोगाव फिरतो, तेव्हा वजनाचा विचारही गाण्याचाच विचार होय.

नाट्यगीताचे घराणे पुन्हा वेगळे. ज्याला आपण रंगभूमीवरचा ऑर्गन म्हणतो त्या पायपेटीचा भाता पायांनी चालतो, त्यामुळे वादकाचे दोन्ही हात मोकळे राहतात. एका हाताने पद आणि दुसऱ्याने भरणा, असा तो भरघोस, अखंड आवाज नाट्यगृह भरून टाकी. ध्वनिवर्धक नव्हता त्या काळी याच वाद्याच्या आधारावर नटाचा गळा शेवटच्या बाकापर्यंत पोचे. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या मागे ऑर्गन होता, पण त्याच्या जोडीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबलाही होता, हे विसरू नये. ऑर्गनला जे काढता येत नाही ते सारंगीकडे सोपवलेले होते. ज्या गोविंदराव टेंब्यांनी १९११ साली ‘मानापमाना’ला चाली दिल्या ते स्वतः नामांकित पेटीवादक होते. त्या पिढीला कोणत्या गाण्यामागे काय वाजवावे हे सांगावे लागत नव्हते. आज उत्सवात नाट्यगीतांचा कार्यक्रम ठेवणाऱ्यांनी एखादा जुना ऑर्गन दुरुस्त करून घ्यावा. आमच्या कित्येक घरांतून आणि नाट्यमंडळांतून असे ऑर्गन धूळ खात पडले आहेत. नव्या पेटीचे सगळे सूर एकदम उघडून ऑर्गनचा आभास निर्माण करण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक होईल.

राहिला ख्याल, आणि खरी हानी इथेच होते.

ती कशी होते हे समजण्यासाठी थोडे गणित सांगितले पाहिजे. वाचकांनी कंटाळू नये. एका सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले तर स्केलचेंजरच्या पेटीत प्रत्येक पट्टी पुढच्या पट्टीपासून बरोबर १०० भागांवर ठेवावी लागते. षड्ज कुठल्याही सुरावर येऊन बसणार, म्हणून सर्वांना समान अंतर. यात गत्यंतर नाही. या हिशेबाने शुद्ध गांधार ४०० वर येतो. पण तानपुऱ्यात जो गांधार आपोआप उमटतो, खर्जाच्या तारेतून कोणी न छेडता जो कानाशी येऊन उभा राहतो आणि ज्याला गवई स्वयंभू गांधार म्हणतात, तो ३८६ वर असतो. चौदा भागांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसेल. काळी एकच्या षड्जाचा तो गांधार घेतला तर तानपुऱ्याचा सेकंदाला सुमारे ३४६ कंपनांचा आणि पेटीचा सुमारे ३४९ कंपनांचा. दोन्ही एकत्र लागले की दर सेकंदाला जवळजवळ तीन लहरी उठतात. ती थरथर म्हणजे दोन सुरांचे भांडण. कोमल गांधाराची तीच कथा उलट दिशेने: ३१६ चा स्वर पेटीत ३०० वर उतरतो. पंचम आणि मध्यम तेवढे जागेच्या अगदी जवळ राहतात, म्हणून ऐकणाऱ्याला पेटी ‘सुरात’ वाटते. आणि जिथे रागाचा जीव असतो त्या गांधार, धैवत, निषादांच्या जागी मात्र ती सुरात नसते.

यावर उपाय नाही असे नाही. जिची पट्टी सरकत नाही अशी साधी पेटी घेऊन, गाणाऱ्याचा षड्ज कायम धरून, जाणत्या कारागिराकडून तिचे सूर तानपुऱ्याशी जुळवून घेता येतात. आपले कारागीर याला गांधार ट्यूनिंग म्हणतात. अशी पेटी एकाच षड्जाची बांधील होते. पुरुषाच्या काळी एकला जुळवलेली पेटी बाईंच्या पांढरी पाचला चालणार नाही. पण त्या एका षड्जात ती तानपुऱ्यात मिसळून जाते, आणि गाणाऱ्याला तिच्याशी झगडावे लागत नाही. सर्व रागांचे सर्व स्वर तीही देऊ शकत नाही. दरबारीचा आंदोलित गांधार पट्टीतून निघणार नाही आणि मींड तर कुठल्याच पेटीत नाही. तरी जेवढे शक्य आहे तेवढे सोडून देण्याचे काय कारण?

वाचकहो, हे सारे लिहिण्याचे कारण एक जुना प्रसंग आहे, आणि तो सांगताना आम्हांला आमचीच लाज वाटते. आमच्या परिचयाच्या एका देवालयात वार्षिक उत्सवाच्या रात्री एका विदुषींचे गायन होते. पेटी नुकतीच अर्पण झालेली, वर वर्णिली तशीच. साथीला गावातलाच सतरा वर्षांचा मुलगा. बाईंनी पांढरी पाचमध्ये भूप आरंभला. दात्याला पेटी ऐकू यावी म्हणून समितीच्या एका सदस्याने मुलाला आधीच सांगून ठेवले होते की सगळ्या खुंट्या उघड. बाईंच्या स्वराखाली खर्जाचा एक जाड पट्टा पसरला. त्यांनी हसून खूण केली, मुलाने बास बंद केला. पण भूपात गांधार चुकवून जाणार कुठे? प्रत्येक वेळी त्या गांधारावर थांबत आणि पेटी त्यांच्या किंचित वर उभी राही. अखेर त्यांनी मुलाला फक्त षड्ज-पंचम धरायला सांगितले आणि उरलेले गाणे तानपुऱ्यावर गायल्या. सभेत कुजबुज झाली, की बाई गर्विष्ठ आहेत. दुसऱ्या दिवशी प्रसादाच्या पंगतीत त्या सदस्यांनी मुलाला दहाजणांदेखत ऐकवले, की एवढी महागाची पेटी आणून दिली तरी तुला साथ जमत नाही. तो मुलगा त्यानंतर पेटीला बसला नाही. आम्ही त्या पंगतीत होतो, चूक कोणाची हे आम्हांला कळत होते, आणि आम्ही पानावरून मान वर केली नाही.

त्या मुलाचा कान चांगला होता. बाईंची पहिली खूण होण्याआधीच तो अस्वस्थ झालेला आम्ही पाहिला होता. ज्याला थरथर ऐकू येते त्याला आपण शिक्षा केली, आणि जिच्यामुळे ती उठली ती पेटी मखमलीच्या आच्छादनाखाली ठेवली. आमच्या देवळांतून पेटीवादक निर्माण होत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी याचा विचार करावा. बोरी गावच्या तुळशीदास बोरकरांसारखा (१९३४–२०१८) वादक याच भूमीत जन्मला, पी. मधुकरांपाशी शिकला, आणि पेटी गळ्यासारखी बोलू शकते हे त्याने देशाला दाखवले. असा कान तयार व्हायला मुलाच्या हाताखाली सुरात लावलेले वाद्य लागते. रोज चौदा भाग चढा गांधार ऐकणाऱ्या मुलाला पुढे तोच गांधार खरा वाटू लागतो, आणि मग तानपुराच उतरला आहे असे त्याला वाटते.

आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप येतात त्यांना आता उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप काटकसरीचा: देवालय दरिद्री, दोन-तीन पेट्या घेणार कोठून? यावर आमचे सांगणे असे, की भाव विचारून पाहावा. तिहेरी सुरांच्या, स्केलचेंजर नि कपलर असलेल्या एका पेटीच्या पैशांत चांगल्या लाकडाच्या दोन साध्या दुहेरी पेट्या बहुधा येतात. एक भजनासाठी बास-मेलची, दुसरी मेल-मेलची आणि तानपुऱ्याशी जुळवलेली. दात्याचे नाव हवेच असेल तर दोन्हींवर कोरावे; त्याचे पुण्य दुप्पट होईल.

दुसरा आक्षेप असा, की सभामंडप मोठा आहे, लोक बोलत असतात, म्हणून मोठ्या आवाजाची पेटी हवी. हा आक्षेप ध्वनिवर्धक नसलेल्या काळातला आहे. आज सभामंडपाच्या चार कोपऱ्यांत कर्णे असतात, आणि मोठ्या पेटीपुढे ध्वनिग्राहक ठेवला की भात्याचा फुसफुसाट आणि पट्ट्यांची खटखटही लोकांपर्यंत पोचते. लोक बोलत असतील तर ते थांबवण्याचे उपाय दुसरे आहेत.

तिसरा आक्षेप विद्वानांचा: पेटी मुळात परकी, आपल्या संगीताला अयोग्य, मग तिच्या निवडीचा एवढा काथ्याकूट कशाला? पेटीचा जन्म परका आहे हे खरेच. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचे स्वामित्व घेतले, आणि मांडी घालून वाजवण्याजोगी हातपेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास घडवली. परंतु ज्या वाद्यावर तीन-चार पिढ्यांनी अभंग आणि पदे म्हटली त्याला दारात अडवण्याची वेळ केव्हाच निघून गेली. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली. तिचे स्वर ठरीव आहेत आणि तिला मींड नाही, ही कारणे खोटी नव्हती. १९७१ पासून ती बंदी हळूहळू सैल झाली. त्या बंदीत आम्हांला दिसते ती आमच्याच देवस्थान समित्यांची चूक, फक्त उलटी केलेली. सर्व गाण्यांना एकच पेटी, असे समित्या म्हणतात; कोणत्याच गाण्याला पेटी नको, असे आकाशवाणी म्हणाली. गाण्या-गाण्यात फरक करण्याचे श्रम दोघांनीही टाळले.

एकाच पेटीत सर्व काही बसवण्याचा मोह विद्वानांनाही झाला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स साहेब यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिची परीक्षा झाली, आणि गवयांचे समाधान झाले नाही. त्यांच्या व्यासंगाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण त्या प्रसंगाचा धडा असा, की सगळे राग मुठीत धरणारी पेटी शोधत बसण्यापेक्षा समोरच्या गाण्याला काय लागते ते पाहणे बरे. आमच्या ओळखीचे एक वृद्ध पेटी-कारागीर कोकणीत म्हणत असत, “पेटी व्हड जाली म्हूण गाणें व्हड जायना.” पेटीवर याहून नेमके भाष्य आम्ही कुठे ऐकले नाही.

नुसती टीका करून थांबणे आम्हांला योग्य वाटत नाही. म्हणून ज्या समित्या यंदा पेटी घेणार असतील त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

खरेदीला जाताना दात्याबरोबर एक गाणारा आणि एक वाजवणारा पाठवावा, आणि बरोबर तानपुरा न्यावा. दुकानातला माणूस सर्व खुंट्या उघडून जोरात वाजवून दाखवील; त्याला थांबवून प्रत्येक संच वेगळा, अगदी कमी हवेत, पट्टी-पट्टीने ऐकावा. तीन सप्तकांच्या ३७ पट्ट्या असोत की साडेतीनच्या ४२, सर्व पट्ट्या सारख्याच हळुवारपणे बोलल्या पाहिजेत. जिला बोलायला जास्त हवा लागते तो सूर आजच दुखणाईत आहे. दोन सप्तकांतले षड्ज एकत्र दाबून लहर उठते का पाहावे. भाता भरून, पट्टी न दाबता, हवा किती वेळ टिकते हे घड्याळावर मोजावे. जर्मन सुरांची म्हणून जी पेटी दाखवतात तिचे झाकण उघडायला लावावे. सौराष्ट्रातल्या पालिताण्याचे सूरही उत्तम असतात, तेव्हा नावाला न भुलता कान द्यावा. शक्य असेल तर पेटी एक दिवस देवळात आणून सभामंडपाच्या शेवटच्या खांबापाशी बसून ऐकावी, कारण ती वाजायची तिथे आहे.

पेटी घरी आली म्हणजे काम संपले असे नाही. आमच्या किनारपट्टीच्या पावसात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, पितळेवर हिरवे चढते, भात्याच्या चामड्याला बुरशी येते. पेटी जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवावी. आणि रोज पाव तास ती कोणी तरी वाजवावी, याहून चांगले औषध नाही. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासाठी तिचे सूर बदलत बसू नये. सुराचे टोक घासले की तो चढतो, मुळाशी घासला की उतरतो, आणि प्रत्येक घासणीला पितळ झिजते. झिजलेले पितळ परत येत नाही. कोणत्या दिवशी, कोणाकडून, कोणत्या षड्जाला पेटी लावली, याची एक वही पेटीबरोबर ठेवावी. देवाच्या दागिन्यांची यादी आपण ठेवतोच. ही त्याच कपाटात राहील.

आणि शेवटची गोष्ट. साथीला जो मुलगा बसतो त्याला खुंट्या उघडण्याचा आणि मिटण्याचा अधिकार द्यावा. कोणते सूर उघडायचे हे त्याने गाणाऱ्याला विचारावे, दात्याला नव्हे. तो म्हणाला की पेटी लागत नाही, तर आधी पेटी तपासावी, मग त्याला बोलावे. महाजन मंडळी वयाने आणि मानाने मोठी आहेत. त्यांनी एवढे ऐकून घेतले तर त्यांचा मान उणावणार नाही.

ज्या मुलाविषयी आम्ही वर लिहिले तो आता मुलगा राहिलेला नाही. उत्सवाला तो अजून येतो, मागच्या खांबाला टेकून उभा राहतो आणि आरती संपली की निघून जातो. त्या देवालयात यंदा पुन्हा नव्या पेटीची बोलणी चालली आहेत असे आमच्या कानावर आले आहे. पेटी घ्यायला जाताना त्याला बरोबर न्यावे, अशी विनंती आम्ही या लेखाच्या द्वारे जाहीरपणे करीत आहो. त्या पंगतीत जे बोलायला हवे होते ते आज बोलत आहो. उशीर झाला, हे आम्हांला मान्य आहे.